खाऱ्या पाण्याची छोटी टाकी : मीठ मोजायचे कशाने आणि फिल्टर घ्यायचा कोणता?



आमच्या घरी खाऱ्या पाण्याची एक छोटी मत्स्यटाकी आहे. शाळेतली बरीच मुले ती पाहून गेली आहेत. त्यातल्या काही जणांनी आता आपापल्या घरी हट्ट धरला आहे, आणि वर्ग सुटण्याची वाट पाहत थांबलेले त्यांचे आईवडील आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "फिल्टर कोणता घेतलात?" त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देत आहोत. पण आमच्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की पाण्यातले मीठ तुम्ही कशाने मोजणार, आणि ते माप खरे आहे हे तुम्हाला कसे कळणार?

दुकानात गेल्यावर मोठा, चकचकीत फिल्टर आधी नजरेत भरतो. मीठ मोजायचे साधन कोपऱ्यातल्या फळीवर असते आणि "हे स्वस्तातले चालेल" म्हणून आपण ते टोपलीत टाकतो. पैसे कमी खर्च झाले तरी हरकत नाही, पण क्रम उलटा करावा, एवढेच आमचे सांगणे आहे. का, ते आता पाहू.

छोटी टाकी सोपी असते का?

पुष्कळांना वाटते, की सुरुवात अगदी छोट्या टाकीने करावी म्हणजे काम कमी पडेल. प्रत्यक्षात उलटे आहे. हिशेबच करून पाहू.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळलेले असते. यालाच खारटपणा ३५ असे म्हणतात, म्हणजे दर हजारी ३५ भाग. समजा आपल्या टाकीत २० गॅलन, म्हणजे सुमारे ७६ लिटर खारे पाणी आहे. त्यात सुमारे २.७ किलो मीठ झाले. आता हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा कोरडी असते, आणि टाकीतले पाणी भराभर उडून जाते. पण वाफ होऊन जाते ते फक्त पाणी; मीठ तिथेच राहते. दोन गॅलन पाणी उडाले, की तेच २.७ किलो मीठ १८ गॅलनांत उरले. खारटपणा झाला ३५ गुणिले २० भागिले १८, म्हणजे ३८.९. हीच टाकी १०० गॅलनांची असती, तर दोन गॅलन उडून खारटपणा जेमतेम ३५.७ झाला असता. म्हणजे मोठी टाकी आपली चूक पोटात घालते. छोटी टाकी लगेच दाखवते.

म्हणून आम्ही सांगतो, की पहिली टाकी २० गॅलनांची घ्या, दहाची किंवा पाचाची नको. आणि दुसरे म्हणजे, उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे, शुद्ध पाणीच घाला. खारे पाणी घातलेत तर काय होईल? दर आठवड्याला एक गॅलन उडते असे धरा आणि तेवढेच खारे पाणी घाला. चार आठवड्यांत खारटपणा ४२ होईल. लाल समुद्र जगातल्या अति खाऱ्या समुद्रांपैकी एक. त्याचा खारटपणा सुमारे ४० आहे. एका महिन्यात तुमची बैठकीची खोली त्याच्याही पुढे गेली!

टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीचा एक तुकडा लावून पाण्याची पातळी खूण करून ठेवावी. रोज सकाळी खुणेपर्यंत गोडे पाणी घालणे हे सात-आठ वर्षांच्या मुलाला सहज जमणारे काम आहे, आणि टाकीतले सर्वांत महत्त्वाचेही.

माशाला मिठाने काय होते?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटते. हे पाणी येते कुठून? फोडींच्या आतून. बाहेर मीठ जास्त, आत कमी, म्हणून आतले पाणी बाहेर ओढले जाते. समुद्रातल्या माशाची स्थिती अशीच असते. त्याच्या रक्तातले मीठ समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर जात राहते. ते भरून काढायला मासा समुद्राचे पाणी पितो, आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्यात राहणारा जीव सदा तहानलेला असतो, हे ऐकून नवल वाटेल, पण ते खरे आहे.

हे काम मासा दिवसरात्र करतो आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते. खारटपणा हळूहळू थोडा बदलला तर तो जुळवून घेतो. एकदम बदलला तर थकतो, आजारी पडतो. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना तेवढेही जमत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगातले पाणी जवळजवळ बाहेरच्या पाण्याइतकेच खारे असते, म्हणून बाहेरच्या बदलाचा पहिला फटका त्यांना बसतो. म्हणून मीठ कमी-जास्त झाले असले, तरी ते एका दिवसात दुरुस्त करू नये.

मीठ कोणते?

स्वयंपाकघरातले मीठ चालणार नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या ३५ ग्रॅम मिठात सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ३० ग्रॅम असतात. बाकीच्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरेच काही. ते सर्व असलेले मत्स्यटाकीचे मीठ दुकानात पिशवीत किंवा बादलीत मिळते. ते नळाच्या पाण्यात कालवू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरॅमीन असते, कधी नळ्यांमधून आलेले तांबे असते, आणि तांबे कोळंबी-गोगलगायींना विषासारखे आहे. मत्स्यटाक्यांच्या दुकानात गाळून शुद्ध केलेले पाणी गॅलनवर विकत मिळते. छोट्या टाकीला ते पुरते.

मीठ वेगळ्या बादलीत, छोटा पंप लावून, रात्रभर फिरवावे आणि मगच मोजावे. मीठ पुरते विरघळण्याआधी घेतलेले माप खोटे असते. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

मीठ मोजायचे कशाने?

आधी एक प्रयोग. एका भांड्यात एक लिटर पाणी घ्या आणि त्यात ताजे अंडे सोडा (अंडे नको असेल तर बटाटा घ्या). ते बुडेल. आता ३५ ग्रॅम मीठ घालून ढवळा. पाणी समुद्राइतके खारट झाले, तरी अंडे तळाशीच बसलेले दिसेल. मीठ घालत राहा. शंभर ग्रॅमच्या पुढे गेल्यावर कुठे ते वर येऊ लागते. म्हणजे पाणी जड झाले एवढे अंडे सांगते, पण किती, ते सांगत नाही. आपल्याला अंड्याऐवजी असे काही हवे, की ज्यावर अंक लिहिलेले आहेत.

१) तरंगणारी काचनळी, म्हणजे हायड्रोमीटर. खाली वजन असलेली बंद काचनळी पाण्यात सोडतात. पाणी जितके जड तितकी ती कमी बुडते. नळीच्या दांड्यावर खुणा असतात. पाण्याची पातळी जिथे येते तो अंक वाचायचा. शुद्ध पाण्याला १.०००, समुद्राच्या पाण्याला सुमारे १.०२६. म्हणजे समुद्राचे पाणी शुद्ध पाण्याच्या १.०२६ पट जड असते. याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात.

पालकांपैकी अनेकांनी हे साधन वेगळ्या नावाने पाहिले असेल. दुधात पाणी घातले आहे का, हे पाहायला डेअरीत जो लॅक्टोमीटर वापरतात, तो हायड्रोमीटरच. गाईच्या दुधाचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२८ ते १.०३० असते, समुद्राच्या पाण्याच्या अगदी शेजारी. मिठागरांतही खाऱ्या पाण्याचा दाटपणा याच तऱ्हेने मोजतात. तिथल्या बोमे नावाच्या मापावर समुद्राचे पाणी साडेतीन अंशांच्या आसपास असते, आणि उन्हात आटत आटत ते सुमारे २५ अंशांवर गेले की मीठ धरू लागते.

काचेचा हायड्रोमीटर चांगला, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तो किती तापमानाला धरून बनवला आहे हे त्यावर लिहिलेले असते, कुठे ६० अंश फॅरनहाइट तर कुठे ७७. टाकीचे पाणी साधारण ७७ अंशांचे असते, म्हणून ७७ चाच निवडावा. आणि अर्थात, तो फुटतो.

२) काट्याची प्लॅस्टिकची डबी. दुकानात सर्वांत स्वस्त मिळतो तो हा हायड्रोमीटर. डबीत पाणी भरले की आतला काटा वर उचलला जातो. कल्पना तीच, पण काटा हलका असल्याने फसतो. काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर तो काट्याला उचलतो आणि पाणी आहे त्याहून खारट दिसते. काट्यावर मिठाचा थर बसला तर काटा जड होतो आणि पाणी आहे त्याहून अळणी दिसते. वापरायचीच असेल तर डबी दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी, टिचकी मारून बुडबुडे घालवावेत, आणि तिचे म्हणणे दुसऱ्या साधनाशी ताडून पाहावे.

३) रिफ्रॅक्टोमीटर. पेल्यातल्या पाण्यात पेन्सिल उभी केली की ती वाकलेली दिसते, कारण पाण्यात शिरताना प्रकाशाची दिशा बदलते. याला अपवर्तन म्हणतात. पाण्यात मीठ जितके जास्त तितका प्रकाश जास्त वळतो. रिफ्रॅक्टोमीटर ही एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते. तिच्या तिरप्या काचेवर दोन-तीन थेंब पाणी ठेवायचे, झाकण लावायचे, अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरून पाहायचे. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तो अंक वाचायचा. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत उसाच्या रसाचा ब्रिक्स आणि द्राक्षबागांत द्राक्षाची गोडी मोजायला हेच तत्त्व वापरतात; तिथे मिठाऐवजी साखर मोजतात.

थेंबभर पाण्यात काम होते, बुडबुड्याची भानगड नाही, बॅटरी नाही. काट्याच्या डबीच्या दोन-तीनपट पैसे पडतात. आम्ही हेच वापरतो. मात्र यात एक बारीक खोच आहे, ती पुढे सांगत आहोत.

४) विजेवर चालणारे मीटर. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते; मीठ जास्त तर वाहकता जास्त. हे मीटर ती मोजून आकडा पडद्यावर दाखवते. वाचायला सर्वांत सोपे, पण किंमत जास्त, आणि त्याचे टोक स्वच्छ न ठेवल्यास तेही बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवते. पडद्यावर आकडा दशांशासकट आला म्हणजे तो खरा असतो, असे मुळीच नाही.

मापाचे माप

गावाकडच्या बाजारात जाणते गिऱ्हाईक भाजी तोलण्याआधी रिकामा तराजू पाहते. काटा मध्यावर आहे का? वजनांवर सरकारी शिक्का आहे का? रिफ्रॅक्टोमीटरचेही तसेच करावे लागते.

रिकामा तराजू पाहणे म्हणजे शुद्ध पाण्याचे थेंब ठेवून आकडा शून्य येतो का ते पाहणे. येत नसेल तर छोट्या स्क्रूने तो शून्यावर आणता येतो. बरेच जण इथेच थांबतात. पण ज्या पट्टीच्या खुणांमधले अंतरच थोडे चुकलेले आहे, ती शून्यापाशी बरोबर आणि ३५ पाशी चूक दाखवेल. त्यातून बाजारातले अनेक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. साधे मीठ आणि समुद्राचे मीठ प्रकाशाला अगदी सारखे वळवत नाहीत. त्यामुळे असे साधन शून्यावर अचूक लावले, तरी ३५ खारटपणाच्या समुद्राच्या पाण्याला ते सुमारे ३६.५ म्हणते. आपण मग पाणी घालून "दुरुस्ती" करतो आणि टाकी खरोखरीच दीड अंकाने अळणी होते.

उपाय सोपा आहे. ३५ खारटपणाचे प्रमाण द्रावण छोट्या बाटलीत विकत मिळते. हे झाले आपले शिक्क्याचे वजन. त्याचे थेंब ठेवून साधन ३५ वर लावावे. आपल्याला जिथे मोजायचे, तिथेच साधन खरे असले पाहिजे.

मोठ्या मुलांनी हे द्रावण घरीही करून पाहावे. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. साधे, आयोडीन नसलेले मीठ ३६.५ ग्रॅम आणि ऊर्ध्वपातित पाणी ९६३.५ ग्रॅम मोजून एकत्र करा. हे पाणी प्रकाशाला तेवढेच वळवते, जेवढे ३५ खारटपणाचे समुद्राचे पाणी. लक्षात ठेवा, हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. हायड्रोमीटर किंवा विजेच्या मीटरसाठी नाही. बाटलीचे झाकण घट्ट लावा, नाहीतर पाणी उडेल आणि शिक्क्याचे वजनच बदलेल!

महिन्यातून एकदा साधन असे तपासावे. टाकीतला खारटपणा ३५ च्या आसपास, म्हणजे १.०२५ ते १.०२६, ठेवावा. चुकला असेल तर दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त बदल करू नये.

आता फिल्टर

फिल्टर म्हटले की आपल्याला चहाची गाळणी आठवते. कचरा अडवणे हे त्याचे एक काम आहेच. पण माशाचा जीव घेते ते डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनिया होतो. तो थोडासुद्धा विषारी असतो. निसर्गात दोन गटांचे जीवाणू त्याचा निकाल लावतात. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट पुष्कळ कमी घातक असते आणि पाणी बदलून ते काढता येते.

हे जीवाणू दगडांच्या, वाळूच्या आणि स्पंजाच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. फिल्टरचे खरे काम त्यांना जागा देणे आणि त्यांच्यावरून प्राणवायू असलेले पाणी वाहते ठेवणे. वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दूध विरजल्यावर आपण भांडे हलवत नाही, दर पाच मिनिटांनी झाकण काढत नाही. इथेही तसेच. टाकीत चिमूटभर अन्न टाकायचे, मासा आणायचा नाही, आणि थांबायचे. बाटलीतले जीवाणू विकत मिळतात आणि त्यांनी वेळ कमी होऊ शकतो. चाचणी मात्र चुकत नाही. चाचणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहावे. दोन्ही आधी वर जातात, मग खाली येतात. दोन्ही शून्यावर येऊन टिकले, की वस्ती झाली.

आता प्रकार पाहू.

सच्छिद्र दगड : खाऱ्या टाकीतला सर्वांत चांगला फिल्टर म्हणजे भोकाभोकांचे दगड. दर गॅलनमागे सुमारे एक पौंड, असा ढोबळ हिशेब आहे. पाणी फिरवणारा छोटा पंप त्यांच्यावर सोडला की झाले. दगड दुकानातूनच घ्यावेत. सुटीत मालवणला गेलात आणि किनाऱ्यावर सुंदर प्रवाळ दिसले, तरी ते उचलून आणू नका. भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

पाठीवर अडकवायचा फिल्टर : टाकीच्या मागच्या काचेवर बसतो, पाणी वर ओढतो आणि स्पंजातून परत टाकीत सोडतो. २० गॅलनांना तासाला १५० ते २०० गॅलन पाणी फिरवणारा पुरेसा होतो. स्पंज पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येईल असा घ्यावा. दर महिन्याला फेकून देण्याच्या पुड्या असतील, तर त्यांच्याबरोबर जीवाणूही कचऱ्यात जातात. स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीन जीवाणूंना मारते. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो पिळावा.

डबा फिल्टर : टाकीखाली कपाटात ठेवायचा बंद डबा. ताकदवान असतो, मोठ्या टाकीला उपयोगी. पण बंद असल्यामुळे तो साफ करायचा राहून जातो आणि आत साठलेल्या घाणीतून नायट्रेट वाढते. वीज बराच वेळ गेली तर आतला प्राणवायू संपून जीवाणू मरतात. छोट्या टाकीला आम्ही तो सुचवत नाही.

खडीखालचा फिल्टर : एके काळी घरोघरी असे. खडीखाली घाण साठते आणि ती काढता येत नाही, म्हणून खाऱ्या टाकीसाठी तो मागे पडला.

प्रोटीन स्किमर : वरण उकळताना वर फेस येतो, तो आपण पळीने काढून टाकतो. स्किमर पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतो. घाणीतले काही पदार्थ बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि कपात जमा होतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून हे साधन तिथेच चांगले चालते. उपयोगी आहे, पण महाग. २० गॅलनांत दोन लहान मासे असतील आणि दर आठवड्याला दोन गॅलन पाणी बदलणार असाल, तर त्याच्यावाचून अडत नाही.

खरेदीचा क्रम

१. रिफ्रॅक्टोमीटर आणि ३५ चे प्रमाण द्रावण.
२. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट यांचे चाचणी संच.
३. २० गॅलनांची टाकी, हीटर, तापमापक.
४. दगड, वाळू, पाणी फिरवणारा छोटा पंप.
५. पाठीवर अडकवायचा साधा फिल्टर.
६. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. हिमवादळात वीज गेली तर हाच माशांना वाचवतो.
७. चार ते सहा आठवड्यांनी, चाचण्या बरोबर आल्यावरच, मासा. एका वेळी एक किंवा जोडी.

विजेबद्दल पालकांनी विशेष काळजी घ्यावी. खारे पाणी आणि वीज यांचे वैर आहे. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोळातून खाली पडेल, सॉकेटात जाणार नाही. सॉकेट जीएफसीआय जातीचा असावा. पाण्यात हात घालण्याआधी सर्व प्लग काढावेत. मुलांनी हे काम मोठ्यांशिवाय करू नये.

वही

टाकीशेजारी एक वही ठेवा. रोज तापमान, आठवड्यातून दोनदा खारटपणा, आठवड्यातून एकदा नायट्रेट, किती पाणी घातले, किती बदलले. तारीख आणि आकडे मराठीत लिहा, म्हणजे १ आणि ९ यांचा गोंधळही आपोआप मिटेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहा. फिल्टर, मीठ आणि अन्न एकाच दिवशी बदलले आणि मासा मलूल झाला, तर कशामुळे झाला हे कोणालाच सांगता येणार नाही. तीन-चार महिन्यांनी वही उलटून पाहिलीत, तर हिवाळ्यात पाणी किती जास्त उडते ते तुमचेच आकडे तुम्हाला सांगतील.

मुलांना हवा असतो तो नारिंगी-पांढरा क्लाउनफिश. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटामुळे तो घरोघरी पोचला. समुद्रातून पकडलेला न घेता टाकीतच जन्मलेला मागून घ्यावा. असे मासे सहज मिळतात आणि अन्नही लवकर घेतात. पण घेण्याआधी एक गोष्ट घरात बसून बोला. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. आज आठ वर्षांचे असलेले मूल कॉलेजला निघेल, तेव्हाही तो टाकीत असेल. तेव्हा पाण्याची खूण कोण पाहणार? मासा आणावा की नाही हे या उत्तरावर ठरवावे.

सांगा पाहू!

१. दहा गॅलनांच्या टाकीचा खारटपणा ३५ आहे. एक गॅलन पाणी उडाले. आता खारटपणा किती? त्या जागी कोणते पाणी घालाल?
२. काट्याच्या डबीत काटा १.०२६ दाखवतो आहे, पण त्याला एक बुडबुडा चिकटलेला आहे. पाणी खरोखर १.०२६ आहे, की त्याहून कमी, की जास्त?
३. ताईने फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. दोन दिवसांनी कोणती चाचणी आधी कराल आणि का?

उत्तरे : १. सुमारे ३८.९; गोडे, शुद्ध पाणी. २. त्याहून कमी. ३. अमोनियाची, कारण स्पंजावरचे जीवाणू मेले असतील आणि अमोनियाचा निकाल लागत नसेल.

नवे शब्द

खारटपणा : एक किलो पाण्यात विरघळलेल्या मिठाचे ग्रॅम. पुस्तकांत यालाच क्षारता म्हणतात.
बाष्पीभवन : पाण्याची वाफ होऊन जाणे.
विशिष्ट गुरुत्व : एखादी वस्तू शुद्ध पाण्याच्या किती पट जड, तो आकडा.
अपवर्तन : एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाची दिशा बदलणे.
ऊर्ध्वपातित पाणी : वाफ करून, ती थंड करून मिळवलेले शुद्ध पाणी.
प्रमाण द्रावण : ज्याचा आकडा आधीच पक्का माहीत आहे आणि ज्यावरून साधन तपासतात, ते पाणी.
जीवाणू : डोळ्यांना न दिसणारे अगदी छोटे जीव. दही लावणारे आणि टाकी राखणारे, दोन्ही हेच, पण जाती वेगळ्या!